लिनक्सवर स्क्रीन फाटते, थरथरते किंवा काळी पडते तेव्हा : नवख्यांसाठी पायरी-पायरीने

मी सोलापुरात घरून जेकार्डची, म्हणजे मागावर विणून उठवायच्या नक्षीची, डिझाइन करते. टॉवेलची किनार, चादरीचा मधला बुट्टा, कधी देवळासाठी अक्षरं घातलेली चादर. गिम्प या चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये एक-एक चौकोन भरायचा असतो आणि एक चौकोन म्हणजे मागावर उभा आणि आडवा दोरा एकमेकांवरून जातो ती एक जागा. स्क्रीनवर जे दिसतं तेच खरं मानून मी काम करते. तीच स्क्रीन खोटं दाखवायला लागली की काय होतं, ते मी भोगलंय.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार, म्हणजे कंपनीकडून येणारे नेहमीचे अपडेट, संपला. आमच्या भागातल्या पुष्कळ जणांची जुनी मशीन विंडोज ११ घेईनात, म्हणून बरेच जण विंडोजऐवजी लिनक्सवर, म्हणजे लिनक्स मिंट किंवा उबुंटू या त्याच्या प्रकारांवर आले. मशीन हलकं झालं याचा आनंद होतोच. पण मग एक दिवस खिडकी सरकवताना मागे तिचे तुकडे राहतात, झोपवलेला लॅपटॉप उठवला की रंगीबेरंगी रांगोळी दिसते, किंवा अपडेटनंतर नुसता काळा पडदा येतो. बहुतेक नवखी माणसं अशा वेळी सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल करतात. मीही लागोपाठ दोन दिवस तेच केलं आणि दोन्ही दिवस वाया गेले, कारण माझा दोष लिनक्समध्ये नव्हताच.

माझ्या मॉनिटरवर डाव्या बाजूला एक बारीक गुलाबी उभी रेघ आली होती. मला वाटलं डिझाइनमध्येच आहे. खोडली तरी जाईना. मग गिम्पला दोष दिला, मग मिंटला. सासरे आयुष्यभर मागावर होते. ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "डिझाइन जरा बाजूला सरकव." मी सरकवलं. नक्षी हलली, रेघ जागच्या जागी. ते म्हणाले, "कापड पुढं सरकतंय आन् दोष तिथंच हाय, म्हंजे सूत न्हाई, फणीचा दात वाकलाय." मागावर उभा दोष सतत एकाच जागी येत राहिला तर सूत बदलून उपयोग नसतो, फणी (उभे दोरे वेगळे ठेवणारा कंगवा) बघायची असते. माझी रेघ मॉनिटरच्या पॅनेलमध्ये होती.

तेव्हापासून मी आधी दोष कुठल्या टप्प्यावर आहे ते ठरवते आणि मगच कशाला तरी हात लावते. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. मी सांगितल्याशिवाय मधल्या गाळू नका.

एक सूचना. कमांड आणि मेनूंची नावं मी देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. कुठे कॅपिटल लागत असेल तर तसं सांगितलं आहे, बाकी सगळी छोटी अक्षरं. आकडेही इंग्रजीच.

सुरू करण्याआधी हे जवळ ठेवा

- वही आणि पेन. काय बदललं, किती वाजता, मग काय झालं, एवढं लिहायला.
- कॅमेरा असलेला मोबाइल. स्क्रीन काळी पडल्यावर हा लेख वाचायलाही तोच लागेल.
- दुसरी केबल. शेजाऱ्याकडून मागून आणली तरी चालेल, पण चालू असल्याची खात्री असलेली.
- दुसरा मॉनिटर, किंवा एचडीएमआयचं भोक असलेला घरातला टीव्ही.
- ८ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच, चालेल असं टाकलेलं.
- वायरचा कीबोर्ड. मशीन चालू होत असताना ब्लूटूथ कीबोर्ड ऐकत नाही.
- मऊ ब्रश आणि पेन्सिलीचा खोडरबर.

आणि टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टिमची आत्ताची स्थिती (स्नॅपशॉट) जपून ठेवणारा प्रोग्राम. मिंटमध्ये ते आधीपासून असतं. मशीन अजून चालू होत असेल तर आत्ताच एक स्नॅपशॉट घ्या. मात्र नेहमीच्या सेटिंगमध्ये टाइमशिफ्ट फक्त सिस्टिम जपतं, तुमच्या होम फोल्डरमधल्या फाइली नाही. डिझाइन, फोटो, हिशेब वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. "टाइमशिफ्ट आहे ना" म्हणून निर्धास्त राहिलेल्यांच्या फाइली गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

पायरी १ : दोष नीट बघा

"स्क्रीन बिघडली" एवढ्यावर कुणीच मदत करू शकत नाही. दोन मिनिटं शांत बसून बघा आणि वहीत लिहा.

व्हिडिओ चालताना किंवा पान भरभर सरकवताना चित्र आडवं कापल्यासारखं दिसतं का? हे फाटणं. मॉनिटर साधारण सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवतो. तो अर्ध्यात असताना खालून चित्र बदललं तर वरचा भाग जुना आणि खालचा नवा दिसतो.

अख्खी स्क्रीन लुकलुकते का, आणि ती माऊस हलवताना की नुसती बसलेली असताना? तुकडे, चौकोन, जुन्या खिडक्यांचे अवशेष राहतात का? रंगच चुकलेत का? की पूर्ण काळी आहे, आणि काळी असताना माऊसचा बाण दिसतो की नाही?

शेवटी, हे कधी सुरू झालं? अपडेटनंतर, उन्हाळा लागल्यावर, मशीन जागेवरून हलवल्यावर, की स्लीपमधून उठल्यावर? या एका उत्तरावरून अर्धा शोध लागतो.

पायरी २ : स्क्रीनशॉट घ्या आणि मोबाइलने फोटोही काढा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. खर्च शून्य.

दोष दिसत असताना प्रिंट स्क्रीनचं बटण दाबून स्क्रीनशॉट घ्या. त्याच क्षणी मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा. मग तो स्क्रीनशॉट मोबाइलवर पाठवून दोन्ही चित्रं मोबाइलवरच शेजारी-शेजारी बघा. त्याच मॉनिटरवर स्क्रीनशॉट उघडून तपासू नका. मॉनिटर खराब असेल तर स्वच्छ स्क्रीनशॉटवरसुद्धा रेघ दिसणारच.

स्क्रीनशॉटमध्येही दोष आहे? मग चित्र केबलपर्यंत पोहोचण्याआधीच बिघडलं आहे. ॲप, डेस्कटॉप, ग्राफिक्स कार्ड (चित्र तयार करणारा भाग), त्याला चालवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर, किंवा रॅम यांपैकी काहीतरी. केबल बदलायला जाऊ नका, पायरी ३मधली धूळ आणि रॅम तेवढी बघून पायरी ४कडे वळा.

फोटोत दोष आहे पण स्क्रीनशॉट स्वच्छ आहे? मग बहुतेक वेळा केबल किंवा मॉनिटर. इथे तीन अपवाद लक्षात ठेवा. आडवं फाटणं स्क्रीनशॉटमध्ये येत नाही, ते ड्रायव्हरचं काम असलं तरी. लॅपटॉपचं काही प्रकारचं लुकलुकणंही येत नाही. आणि माऊसचा बाण पुष्कळ वेळा चित्रावर सगळ्यात शेवटी, वेगळ्या थरात ठेवला जातो. त्यामुळे बाणच चौकोनी कचऱ्यासारखा दिसत असेल तर स्क्रीनशॉटमध्ये तो बरा दिसेल, पण दोष ड्रायव्हरचाच असू शकतो.

पायरी ३ : मॉनिटर, केबल, धूळ

मॉनिटरचं स्वतःचं बटण दाबून ब्राइटनेसचा मेनू उघडा. तो मेनू मॉनिटर स्वतः रंगवतो, संगणकाचा त्याच्याशी संबंध नाही. रेघ त्या मेनूवरूनही जात असेल, किंवा केबल काढल्यावर येणाऱ्या "सिग्नल नाही" या पाटीवरही असेल, तर पॅनेल गेलं आहे. लिनक्सला हात लावायची गरज नाही. माझी रेघ मेनूला बरोबर मधून कापत होती. हे आधी केलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

लॅपटॉपला असा मेनू नसतो. तिथे मशीन चालू करताना एफ२ किंवा डिलीट दाबून सेटअपच्या पडद्यावर जा. तिथे लिनक्स सुरूच झालेलं नसतं. दोष तिथेही दिसला तर तो हार्डवेअरचा. मग लॅपटॉपला टीव्ही जोडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आणि लॅपटॉपवर खराब असेल तर झाकण हळूहळू पुढे-मागे करा. दोष कमी-जास्त झाला तर बिजागरीतून जाणारी पट्टीची केबल सैल किंवा चिरलेली आहे. तिचा खर्च पॅनेलपेक्षा पुष्कळ कमी असतो, म्हणून दुरुस्तीवाल्याने "डिस्प्ले गेला" म्हटलं तरी आधी ही केबल बघायला सांगा.

आपल्याकडे अजून निळ्या तोंडाच्या व्हीजीए केबल भरपूर आहेत. तिच्यात तीन रंग तीन वेगळ्या पिनांतून येतात आणि एक पिन वाकली की एक रंग नाहीसा होतो. लाल गेला तर पांढरा भाग निळसर-हिरवा दिसतो, हिरवा गेला तर जांभळट-गुलाबी, निळा गेला तर पिवळा. स्क्रीन एकाच रंगात न्हायल्यासारखी वाटली तर ड्रायव्हर शोधण्याआधी केबल काढून पिना मोजा. मात्र व्हीजीएच्या टोकात एखादी पिन मुळातच नसते, ती तुटली असं समजू नका. दोन पिना मॉनिटरची ओळख संगणकाला सांगतात. त्या खराब असल्या तर मशीनला मॉनिटर ओळखता येत नाही आणि १०२४ × ७६८च्या पुढचं रिझोल्यूशन यादीत येतच नाही. पुष्कळ लोक याला लिनक्सचा दोष समजतात.

चित्रावर हलके आडवे पट्टे हळूहळू वर चढत असतील तर अर्थिंग तपासा. शेजारी यंत्रमागाची मोटर त्याच लाइनवर असेल तर व्हीजीएवर हे लगेच दिसतं. सीपीयू आणि मॉनिटर एकाच बोर्डवरून, तीन पिनांच्या प्लगने जोडून बघा.

आता धूळ. सोलापुरात मागाजवळ ठेवलेल्या मशीनमध्ये साधी धूळ नसते, सुताचे तंतू असतात. ते पंख्याच्या मागच्या जाळीवर नमद्यासारखे बसतात आणि वरून फुंकर मारून निघत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की कार्ड तापतं आणि दुपारी तुकडे दिसतात, सकाळी काही नाही. दोष फक्त दुपारी येत असेल तर वेळ वहीत लिहा. मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, झाकण उघडा, पंख्याचं पातं बोटाने धरून ब्रशने जाळी साफ करा. पातं धरल्याशिवाय ब्लोअर मारू नका, पंखा वाऱ्याने भरधाव फिरून खराब होतो. झाल्यावर टर्मिनलमध्ये "सेन्सर्स" लिहून तापमान बघा. कमांड सापडली नाही तर "एलएम-सेन्सर्स" हे पॅकेज टाका.

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये चित्रासाठी साधीच रॅम वापरली जाते. म्हणून रॅमची पट्टी खराब झाली तरी स्क्रीनवर कचरा दिसतो. पट्टी काढून सोनेरी दातांवर खोडरबर हलका फिरवा, भुगा झटका आणि क्लिक ऐकू येईपर्यंत परत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून चालवा.

पायरी ४ : कार्ड कोणतं आणि ड्रायव्हर कोणता, ते लिहून घ्या

टर्मिनल उघडा आणि टाइप करा : आयएनएक्सआय, मग स्पेस, मग वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून कॅपिटल जी. मिंटमध्ये ही कमांड असतेच. टर्मिनल नको असेल तर मिंटच्या "सिस्टिम रिपोर्ट्स"मध्ये (नव्या मिंटमध्ये नाव "सिस्टिम इन्फर्मेशन") सिस्टिमच्या माहितीत हेच मिळतं.

तीन गोष्टी वहीत उतरवा. कार्डाचं नाव : इंटेल, एएमडी की एनव्हिडिया, आणि पुढचा मॉडेल. ड्रायव्हर : इंटेलला बहुधा "आय९१५", एएमडीला "एएमडीजीपीयू" किंवा जुन्याला "रेडिऑन", एनव्हिडियाला "नूव्हो" किंवा "एनव्हिडिया". आणि रेंडररच्या, म्हणजे चित्र प्रत्यक्ष कोण काढतंय त्याच्या, पुढे काय लिहिलंय ते.

तिथे "एलएलव्हीएमपाइप" दिसलं तर थांबा. याचा अर्थ ग्राफिक्स कार्ड बाजूला बसलं आहे आणि सगळं चित्र प्रोसेसर काढतो आहे. खिडक्या अडखळणं, व्हिडिओ कापत चालणं, पंखा सतत ओरडणं याचं कारण तेच. ड्रायव्हर लागला नाही, किंवा तुम्ही पूर्वी घातलेला "नोमोडसेट" (मशीन साध्या चित्रात उघडणारा शब्द, पायरी ६ बघा) तसाच राहून गेला आहे.

पायरी ५ : तीन सोप्या चाचण्या

पहिली चाचणी लॉगिनच्या पडद्यावर. मिंट सिनॅमनमध्ये (सिनॅमन हा मिंटचा एक डेस्कटॉप) नावाजवळच्या छोट्या चिन्हावर क्लिक केलं की "सिनॅमन, सॉफ्टवेअर रेंडरिंग" असा पर्याय मिळतो. त्यातून आत जा. मशीन मंद वाटेल, पण दोष नाहीसा झाला तर तो ड्रायव्हरकडे बोट दाखवतो. उबुंटूमध्ये तिथेच, कोपऱ्यातल्या दातेरी चाकातून वेलँड की एक्स ऑर्ग (स्क्रीनवर खिडक्या दाखवायच्या दोन पद्धती) हे निवडता येतं. एकावर दोष आहे आणि दुसऱ्यावर नाही असं झालं तर ज्यावर नाही त्यावरच काम सुरू ठेवा. उबुंटू २५.१०पासून मात्र नेहमीच्या डेस्कटॉपला एक्स ऑर्गचा पर्याय उरलेला नाही.

दुसरी चाचणी : नवा युजर बनवून त्यात लॉगिन करा. तिथे सगळं स्वच्छ असेल तर कार्ड आणि ड्रायव्हर ठीक आहेत, तुमच्या जुन्या सेटिंगमध्ये काहीतरी अडकलंय. थीम, ॲप्लेट, एक्स्टेन्शन एकेक बंद करत जा. होम फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की लपलेले फोल्डर दिसतात. त्यातल्या "कॅशे"च्या आत मेसा शेडर कॅशे नावाचा फोल्डर असतो, तो बिनधास्त पुसा. तो आपोआप पुन्हा तयार होतो, आणि अपडेटनंतर आलेले विचित्र तुकडे कधीकधी एवढ्यानेच जातात.

तिसरी चाचणी लाइव्ह पेनड्राइव्हवरून. इन्स्टॉलचं बटण दाबू नका, नुसतं चालवून अर्धा तास काम करा. तिथेही तोच दोष आला तर पुन्हा इन्स्टॉल करून काहीही साधणार नाही.

आणि एक लहानशी सोय. मिंटमध्ये खिडक्यांचे तुकडे राहिले आणि काम अर्ध्यावर असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप एकदम दाबा. सिनॅमन पुन्हा सुरू होतं, उघडलेल्या फाइली तशाच राहतात. काम वाचतं. दोष मात्र गेलेला नसतो.

पायरी ६ : स्क्रीन पूर्ण काळी असेल तर

सगळ्यात जास्त घाबरवणारा प्रकार हाच, आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात सुटणारा.

आधी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन मागितलं तर मशीन जिवंत आहे, फक्त डेस्कटॉप उभा राहिलेला नाही. नाव आणि पासवर्ड टाका. पासवर्ड टाइप करताना काहीच उमटत नाही, ते तसंच असतं.

आत गेल्यावर पहिल्यांदा डिस्क भरली आहे का ते बघा : डीएफ, स्पेस, वजा, एच. मुख्य विभागापुढे १०० टक्के दिसलं तर डेस्कटॉप उघडणार नाही, किंवा पासवर्ड टाकला की पुन्हा लॉगिनच्याच पडद्यावर फेकला जाईल. "सुडो ॲप्ट क्लीन" ने थोडी जागा होते, मग नको त्या मोठ्या फाइली काढा. ग्राफिक्सचा दोष म्हणून माझ्याकडे आलेल्या एका मशीनमध्ये नुसते लग्नाचे व्हिडिओ ठासून भरले होते. परत जायला मिंटमध्ये कंट्रोल, ऑल्ट, एफ७ दाबा, उबुंटूमध्ये एफ१ किंवा एफ२.

एफ३लाही काही आलं नाही तर मशीन बंद करून चालू करा आणि ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू होण्याआधी येणारा, मेनू आणा. मशीन चालू करणारी पद्धत जुनी, बायोसची असेल तर शिफ्ट दाबून धरा, नवी म्हणजे यूईएफआय असेल तर एस्केप एक-दोनदाच टिचकवा. एस्केप जास्त वेळा दाबलं तर "ग्रब" लिहिलेली रिकामी ओळ येते. काही बिघडलेलं नाही. तिथे "रीबूट" लिहून एंटर करा आणि पुन्हा प्रयत्न करा.

मेनूत "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स"मध्ये जा. जुने कर्नल (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) दिसतील. दोष अपडेटनंतर आला असेल तर वरून दुसऱ्या क्रमांकाचा, रिकव्हरी न लिहिलेला कर्नल निवडा. बऱ्याचदा इथेच मशीन नेहमीसारखं उघडतं. मग अपडेट मॅनेजरच्या "व्ह्यू" मेनूत लिनक्स कर्नल्स उघडा आणि तो जुना कर्नल काढू नका. दोन कर्नल नेहमी ठेवा, जागा वाचवायला जुना उडवू नका.

तरीही काळंच असेल तर "नोमोडसेट". ग्रबच्या मेनूत पहिल्या ओळीवर असताना ई दाबा. "लिनक्स" या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्यात "क्वाएट स्प्लॅश" असतं. त्यानंतर एक स्पेस देऊन नोमोडसेट हा एकच सलग शब्द लिहा आणि एफ१० दाबा. मशीन साध्या, ढोबळ चित्रात उघडेल. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. आत जाऊन ड्रायव्हर नीट करायला हे दार आहे. तो शब्द कायमचा घालून ठेवाल तर कार्ड कधीच कामाला लागणार नाही आणि पायरी ४मधलं "एलएलव्हीएमपाइप" दिसत राहील.

पायरी ७ : एनव्हिडियाचं कार्ड असेल तर

मिंटमध्ये "ड्रायव्हर मॅनेजर" उघडा, उबुंटूमध्ये "ॲडिशनल ड्रायव्हर्स". यादीत ज्याच्यापुढे शिफारस असं लिहिलं आहे तोच निवडा. सगळ्यात मोठा आकडा म्हणजे सगळ्यात चांगला ड्रायव्हर असं नाही. आपल्याकडे सेकंडहँड मशीनमध्ये हमखास सापडणारं जीटी ७१० हे कार्ड ४७०च्या शाखेपर्यंतच, म्हणजे ४७०ने सुरू होणाऱ्या ड्रायव्हरपर्यंतच, चालतं, नवा ड्रायव्हर त्याला ओळखतच नाही. जीटी ६१० त्याहून जुनं, ते ३९०च्या शाखेतलं. यादीत त्याच्यासाठी काही नसेल तर नूव्होवरच राहा, गिम्प आणि ब्राउझरसाठी ते पुरतं.

पहिला सापळा : कंपनीच्या संकेतस्थळावरून इन्स्टॉलर उतरवून चालवणं. विंडोजची सवय असते म्हणून आपण तेच करतो. पण तसा टाकलेला ड्रायव्हर पॅकेज मॅनेजरच्या (लिनक्समध्ये सॉफ्टवेअर टाकणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रामच्या) हिशेबात येत नाही. पुढच्या कर्नल अपडेटला मशीन काळ्या पडद्यावर थांबतं आणि तो काढताना खूप त्रास होतो.

दुसरा सापळा सिक्युअर बूटचा, म्हणजे मशीन सुरू होताना फक्त मान्य प्रोग्राम चालू देणाऱ्या सोयीचा. ते चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो आणि दहा-एक सेकंद थांबतो. घाईत "कंटिन्यू" दाबलं जातं आणि ड्रायव्हर लागत नाही. तिथे "एनरोल एमओके" निवडा, मग "कंटिन्यू", "येस", आणि मघाचा पासवर्ड. हा लॉगिनचा पासवर्ड नाही, म्हणून तो आधीच वहीत लिहून ठेवा.

चित्र फाटत असेल तर "एनव्हिडिया सेटिंग्ज"मध्ये डिस्प्लेच्या पानावर ॲडव्हान्स्ड दाबून "फोर्स फुल कंपोझिशन पाइपलाइन"वर टिक करा. एक्स ऑर्गवर फाटणं बहुतेक वेळा तिथेच थांबतं.

पायरी ८ : इंटेल आणि एएमडी

यांचे ड्रायव्हर कर्नल आणि मेसामध्येच (मेसा म्हणजे लिनक्समधला चित्रांचं काम बघणारा भाग) असतात, वेगळं काही टाकायचं नसतं. म्हणून इथला पहिला उपाय पूर्ण अपडेट आणि रीस्टार्ट. अपडेटनंतरच दोष आला असेल तर उलटं, जुना कर्नल.

इंटेलच्या लॅपटॉपवर काही न करता बसल्यावर स्क्रीन लुकलुकते आणि माऊस हलवला की थांबते, असं असेल तर पॅनेलची वीज वाचवायची एक सोय जबाबदार असू शकते. ती बंद करून बघायला नोमोडसेटच्या जागी त्याच ओळीत हे लिहा : आय९१५, टिंब, एनेबल, अंडरस्कोर, पीएसआर, बरोबरचं चिन्ह, शून्य. मध्ये कुठेही स्पेस नाही. एक दिवस वापरून फरक पडला तरच कायम करा. त्यासाठी ईटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्टमध्ये "ग्रब" नावाची फाइल आहे. तिची आधी प्रत काढून ठेवा, "क्वाएट स्प्लॅश"च्या पुढे पण अवतरणचिन्हाच्या आत तेच शब्द घाला, आणि शेवटी "सुडो अपडेट-ग्रब" चालवा.

दोन मॉनिटर असतील आणि एक ६० हर्ट्झ, दुसरा ७५ असेल तर एक्स ऑर्गवर अडखळणं येतं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये दोन्ही ६०वर आणा.

पायरी ९ : दोष फक्त ब्राउझरमध्ये असेल तर

सिस्टिमला हात लावू नका. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या पहिल्या पानावर खाली परफॉर्मन्स आहे. शिफारस केलेल्या सेटिंगवरची टिक काढली की हार्डवेअर ॲक्सेलरेशनची टिक दिसते, तीही काढा आणि ब्राउझर पुन्हा उघडा. क्रोममध्ये हेच "सिस्टिम" या भागात असतं.

मराठी मजकुराबद्दल दोन ओळी, कारण हा प्रश्न मला सारखा विचारतात. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर देवनागरी फॉन्ट नाही. नोटो किंवा लोहित टाका. जुन्या डीटीपीच्या फाइलीत मराठीऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसली तर ती फाइल युनिकोडमध्ये नाही, तिला तिचाच जुना फॉन्ट लागतो. दोन्हींचा ग्राफिक्स कार्डशी संबंध नाही.

पायरी १० : मदत मागताना काय द्यायचं

दुरुस्तीवाला असो किंवा ओळखीचा जाणकार, त्याला हे एकदम द्या : पायरी ४मधल्या तीन ओळी, लिनक्सचं नाव आणि आकडा, कर्नलचा आकडा, स्क्रीनशॉट आणि मोबाइलचा फोटो दोन्ही, दोष कधी सुरू झाला, आणि आतापर्यंत काय-काय करून पाहिलं.

मशीन मध्येच गोठलं असेल तर रीस्टार्टनंतर मागच्या वेळची नोंद काढा : "जर्नलसीटीएल", स्पेस, वजा के, स्पेस, वजा बी, स्पेस, वजा १. लांबलचक यादी येते, घाबरू नका. इंटेलला "जीपीयू हँग", एएमडीला "रिंग" आणि "टाइमआउट" एका ओळीत, एनव्हिडियाला "एक्सआयडी" हे शब्द शोधा. ती ओळ आणि तिच्या आजूबाजूच्या दहा ओळी पाठवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. चार उपाय एकदम केले आणि दोष गेला तर कशाने गेला ते कळत नाही, आणि सहा महिन्यांनी तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आणि चित्र स्वच्छ झालं त्याच दिवशी टाइमशिफ्टचा नवा स्नॅपशॉट घ्या, "स्क्रीन ठीक" असं नाव देऊन. माझ्या कॅबिनेटच्या बाजूला मी कागदाची एक पट्टी चिकटवली आहे. त्यावर चालू असलेल्या कर्नलचा आकडा, ड्रायव्हरची शाखा, केबल बदलल्याची तारीख आणि जाळी साफ केल्याची तारीख. जाळीची तारीख दर दोन महिन्यांनी खोडून नवी लिहिते, उन्हाळ्यात दर महिन्याला. गुलाबी रेघेचा मॉनिटर मी टाकला नाही. तो उजवीकडे दुसरा मॉनिटर म्हणून आहे. त्यावर हिशेब आणि मेसेज उघडते, डिझाइन कधीच नाही.